आरोग्यविम्याचा दावा फेटाळला गेल्यास दाद कशी मागावी

नंदुरबार, नवापूर, शहादा या भागातील अनेक रुग्ण मोठ्या उपचारांसाठी सुरतला जातात, धुळ्याकडचे नाशिक गाठतात, तर जळगाव-भुसावळचे छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईला जातात. घरापासून इतक्या दूर झालेल्या उपचारांचा दावा विमा कंपनीने फेटाळला, तर उसनवारीने भरलेले बिल तसेच अंगावर राहते आणि लागणारे सर्व कागद परगावच्या रुग्णालयात असतात. अशा वेळी पुष्कळ कुटुंबे एजंटाला फोन करत राहतात. कंपनीचा निर्णय बदलण्याचा अधिकार एजंटाला नसतो, त्याच्याशी झालेले बोलणे तक्रार म्हणून धरले जात नाही, आणि दाद मागण्याच्या मुदती मात्र चालूच राहतात. म्हणून पहिल्या दिवसापासून सर्व व्यवहार लेखी करावा.

सर्वप्रथम नकाराचे पत्र मिळवावे. मोबाईलवर आलेला ‘दावा नामंजूर’ एवढाच संदेश पुरेसा नाही. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार आरोग्यविम्याचा दावा कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमके कलम सांगावे लागते. पत्रात कलम नसेल, तर ते ईमेलने मागून घ्यावे. या पत्राचे महत्त्व फार मोठे आहे, कारण नकाराच्या पत्रात न दिलेले नवे कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपले उत्तरही म्हणूनच त्याच कारणाला धरून असावे. कुटुंबाच्या हालअपेष्टांचे वर्णन कितीही खरे असले तरी त्याने कलमाला उत्तर मिळत नाही.

त्यानंतर पॉलिसीची संपूर्ण प्रत, प्रस्तावपत्राची (विमा घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत आणि रुग्णालयातील केस पेपर गोळा करावेत. प्रस्तावपत्र पुष्कळदा एजंटाने भरलेले असते, त्यामुळे त्यात आपल्या नावावर काय लिहिले गेले आहे ते शब्दशः वाचावे. केस पेपरसाठी रुग्णालयाकडे लेखी अर्ज करावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सुरतच्या रुग्णालयातील काही कागद गुजरातीत असल्यास त्यांचे भाषांतर सोबत जोडावे.

नकाराचे नेहमी आढळणारे आणि सर्वांत जिव्हारी लागणारे कारण म्हणजे ‘पूर्वीचा आजार लपवला’. त्याचे मूळ अनेकदा केस पेपरवरील एका ओळीत असते. रात्री-अपरात्री दाखल करताना सोबतचा भाऊबंद घाबरलेला असतो, तो अहिराणीत जे सांगतो ते परप्रांतातील निवासी डॉक्टर घाईने टिपून घेतो, आणि सहा महिन्यांपूर्वी निघालेला रक्तदाब कागदावर सहा वर्षांचा होऊन बसतो. अशी चूक झाली असेल तर मूळ केस पेपरवर खाडाखोड मुळीच करून घेऊ नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर वेगळे, तारखेचे प्रमाणपत्र घ्यावे, ज्यात आजाराचे निदान प्रथम केव्हा झाले आणि हे ते कशाच्या आधारे सांगत आहेत, या दोन्ही गोष्टी असतील. त्याला आपल्या गावच्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी, लॅबचा पहिला रिपोर्ट आणि औषधांची पहिली बिले यांची जोड द्यावी. नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा त्या वेळचे जुने कागद अधिक वजनदार ठरतात. आजार खरोखरच आधीपासून ठाऊक होता आणि सांगितला गेला नव्हता, तर खोटा कागद कदापि जोडू नये. अशा वेळी पॉलिसी किती काळ सलग चालू आहे ते पाहावे. सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरती ही मुदत त्या वेळेपासून मोजली जाते.

‘दाखल होण्याची गरज नव्हती’ असे कारण असेल, तर दाखल होतानाची प्रकृती, शिरेतून दिलेली औषधे आणि हे उपचार बाह्यरुग्ण विभागात का शक्य नव्हते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि परिचारिकांच्या नोंदींचे कागद जोडावेत. केवळ कागद उशिरा दिल्याच्या सबबीवर खरा दावा नाकारू नये, असे प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. उशिराचे कारण मात्र द्यावे. दावा अंशतः मंजूर झाला असेल तरीही दाद मागता येते. खोलीचे भाडे पॉलिसीतील मर्यादेबाहेर गेले म्हणून त्या प्रमाणात औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांच्या खर्चातही कपात केलेली आढळली, तर तिला आवर्जून हरकत घ्यावी, कारण या खर्चांना ती कपात लागू होत नाही.

आता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहावे. त्यात पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक आणि नकाराची तारीख दिल्यावर मुख्य मजकूर साधारण असा असावा: ‘आपण कलम अमुकनुसार रक्तदाबाचा आजार लपवल्याचे कारण दिले आहे. हे निदान पॉलिसी सुरू झाल्यानंतर अमुक तारखेला प्रथम झाले. पुरावा म्हणून परिशिष्ट १ ते ४ जोडले आहेत. तरी दाव्याचा फेरविचार करून अमुक रक्कम अदा करावी.’ हे पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. तीच तक्रार प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवावी. पोर्टल स्वतः निवाडा देत नाही, परंतु तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिची नोंद राहते.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतात. उपचार सुरतला झाले म्हणून गुजरातेत खेटे घालावे लागत नाहीत, कारण तक्रारदाराचे निवासस्थान ज्या कक्षेत असेल तेथील लोकपालाकडे तक्रार करता येते. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास तो महिना संपल्यापासून, एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. येथे फी नाही, वकील लावता येत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देता येते आणि व्हिडिओद्वारे सुनावणीची सोय आहे. सुनावणीत अधिकारी कारण विचारतात तेव्हा परिशिष्टांचे क्रमांक सांगत थोडक्यात बोलावे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो; ३० दिवसांत त्याचे पालन झाले नाही, तर कंपनीला तक्रारदारास दररोज ५,००० रुपये द्यावे लागतात.

लोकपालाचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी आपल्या जिल्ह्यातील ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार उघडे असते. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि भरलेला विमाहप्ता ५ लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार ऐकत नाहीत, म्हणून आधी लोकपाल आणि मग आयोग हा क्रम बहुतेकांना सोयीचा ठरतो. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. ती पहिल्या नकाराच्या पत्राच्या तारखेपासूनच मोजावी आणि लोकपालाकडील कामकाज लांबले तरी त्या तारखेच्या आत आयोगातील अर्ज तयार ठेवावा.