मोठ्या डेस्कटॉप ॲपला प्लगइन लागतात का, ते आधी कसं ठरवायचं

प्लगइन आर्किटेक्चर, म्हणजे ॲपला बाहेरून कोडचे तुकडे जोडता येतील अशी रचना, करायचं का, असं नागपुरात नवे पोट्टे मला विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, भाऊ, तुमच्या टीमच्या बाहेरचं कोण कोड लिहिणार आहे? कोणीच नाही ना, मग मॉड्यूल पुरे. मॉड्यूल म्हणजे कोडमधल्या भिंती, सगळं एकत्रच बिल्ड होऊन जातं. प्लगइन ॲप चालू झाल्यावर लोड होतं, त्याचं व्हर्जन वेगळं, अन् ज्या इंटरफेसवर, म्हणजे ॲप अन् प्लगइनमधल्या ठरलेल्या करारावर, ते उभं असतं तो तुम्हालाच वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो.

ते किती जड जातं हे फायरफॉक्सकडं बघा. जुने ॲड-ऑन थेट ब्राउझरच्या आतल्या कोडला हात घालायचे, आतलं काही बदललं की ते मोडायचे, शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या व्हर्जनला ती पद्धतच बंद करावी लागली अन् लोकांचे कितीतरी आवडते ॲड-ऑन गेले.

आता समजा कळमना मार्केटच्या अडत्यांसाठी ॲप करून राहिले. संत्र्याची आवक, हमाली, तोलाई, अडत हा गाभा, तो आपल्याच टीमचा, इथं मॉड्यूल. पण वजनकाटा प्रत्येक कंपनीचा वेगळा, सिरीयल पोर्टवर (काटा कॉम्प्युटरला जोडायची तार) आकडा वेगळ्याच फॉरमॅटमध्ये पाठवतो, एका नव्या काट्यासाठी सगळ्या दुकानांत नवा सेटअप टाकत फिरायचं का? इथं प्लगइन खरंच कामाचं.

तरी घाई नको. पहिल्या दोन काट्यांचा कोड सरळ लिहा, तिसरा आला की समान काय ते आपोआप दिसतं, तेव्हा इंटरफेस काढा, नाहीतर तो पहिल्याच काट्याच्या मापाचा होऊन बसतो. जोडा, वजन वाचा, बंद करा, एवढंच ठेवा, डेटाबेस प्लगइनच्या हाती अजिबात देऊ नका. प्लगइन लोड करायला जावात सर्व्हिसलोडर आहे, क्यूटी या सी प्लस प्लसच्या लायब्ररीत क्यूप्लगइनलोडर, स्वतःचा लोडर लिहीत बसू नका. सी प्लस प्लसमध्ये कंपायलर बदलला की क्लास जुळतीलच याची खात्री नसते, म्हणून ॲप अन् प्लगइनच्या सीमेवर साधी सी फंक्शन्स ठेवा.

अन् प्लगइन ॲपच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये, असलं तर त्याच्या क्रॅशसोबत ॲपही जातं, ऐन लिलावाच्या वेळी अडत्याचं बिल अडकलं तर तो तुम्हालाच फोन करणार. जिंप हे चित्रं एडिट करायचं ॲप प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं, व्हीएस कोड हा कोड एडिटरही एक्स्टेन्शन (म्हणजे त्याचे प्लगइन) वेगळ्या होस्ट प्रोसेसमध्ये ठेवतो, बाहेरच्यांचा कोड घेणार असाल तर तसंच करा. लोड करताना इंटरफेसचं व्हर्जन तपासा, जुळलं नाही तर ते प्लगइन सोडून द्या अन् कोणतं सोडलं ते स्क्रीनवर मराठीत लिहा.