झाडावरचा कान

आमच्याकडे सिंधुदुर्गात अळंबी म्हणजे श्रावणातली, वारुळावरची. झाडावरच्या कशालाही हात लावायचा नाही, हा आजीचा कायदा. तो मी इंग्लंडात आल्यावर मोडला, तोही एकाच अळंब्यापुरता. इथे त्याला जेली इअर म्हणतात. चायनीज दुकानांत वाळवलेले काळे तुकडे मिळतात, ते याचंच भावंड.

आधी अळंबं नाही, झाड शोधा. जेली इअर बहुतेक एल्डर (elder) या झुडपावर उगवतं, आणि ते कुंपणांत, ओढ्याकाठी, पडक्या जागेत कुठेही माजतं. जुनी साल राखाडी, बुचासारखी भेगाळलेली. काटकी मोडली की आत थर्माकोलसारखा पांढरा गर. तरी खात्री नसेल तर जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे झुपके येतात तेव्हा झाड हेरून ठेवा आणि हिवाळ्यात, पाऊस पडून गेल्यावर परत जा. अळंबं वर्षभर येतं, पण पानं झडली की लगेच नजरेत भरतं. दुसऱ्या झाडांवरही उगवतं. मी मात्र पहिली काही वर्षं एल्डर सोडून कुठलंच तोडलं नाही.

मग हात लावा. अगदी माणसाच्या कानाची पाळी धरल्यासारखं, थंड आणि लवचिक. मला पहिल्यांदा शिसारीच आली. रंग तांबूस तपकिरी, बाहेरून बारीक मखमली लव, आतून गुळगुळीत, कधी शिरांसारख्या घड्या. खाली पापुद्रे नाहीत, छिद्रं नाहीत, लांब दांडा नाही. दुमडलं तरी तुटत नाही. पेल्यासारखी तपकिरी अळंबी कटकन मोडतात, ती सोडायची. काळंभोर, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं असेल तेही नको, आणि वरून केसाळ राखाडी पट्ट्यांचं, खोडाला फळीसारखं चिकटलेलं तेही नको. कोरड्या हवेत हे कान आक्रसून चामड्यासारखे कडक होतात. तसे मिळाले तर पाण्यात फुगवून सगळ्या खुणा पुन्हा बघा. पहिली तोडणी जाणकाराला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका. फोटोवर विसंबायचं नाही, कारण लव आणि लवचिकपणा फोटोत कळत नाही.

कच्चं खायचं नाही. अख्खे कान गरम तेलात टाकाल तर फटाक्यासारखे उडतात. माझा चष्मा त्यातून वाचला तो नशिबाने. बारीक पट्ट्या कापून आधी उकळत्या पाण्यात शिजवून घ्या. चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच, मजा आहे ती कुरकुरीतपणात. मी तिरफळ घातलेल्या ओल्या खोबऱ्याच्या वाटणात टाकते. पहिल्यांदा दोन-चार तुकडेच खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.