आईच्या जुन्या फोनवर अँड्रॉइड १० घ्यावं की नको?

आईचा फोन ३ जीबी रॅमचा, अँड्रॉइड ९ वर अडकलेला. १० चं अपडेट कधीचं येऊन पडलं होतं, पण फोन आणखी मंद होईल म्हणून मी टाळत होतो. शिवाय एकदा घेतलं की सहजासहजी मागे फिरता येत नाही.

मग २०२५ मध्ये क्रोमची १३९ वी आवृत्ती आली आणि तिला किमान अँड्रॉइड १० लागू लागलं. जुना ब्राउझर म्हणजे पुढे सुरक्षेची डागडुजी बंद. आई त्यावरूनच वीजबिल भरते, त्यामुळे विचार संपला.

आधी जागा केली. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडलं, तर निम्मी जागा सुप्रभातच्या फोटोंनी खाल्लेली! (पुसताना आईची परवानगी घ्यावी लागली, आणि काही देव वाचले.) फोटो-संपर्कांचा बॅकअप घेतला, चार्जर लावून वाय-फायवर अपडेट सोडलं.

सुरुवातीला फोन तापला, रखडला. अपडेटनंतर सगळी अॅप्स नव्याने जुळवून घेतली जातात, म्हणून लगेच रीसेट मारू नये. तरी थोडा जडपणा उरलाच. तेव्हा सेटिंगमधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स (एरवी लपवलेली सेटिंग्ज) उघडले आणि तिन्ही अॅनिमेशन स्केल, म्हणजे स्क्रीनवरच्या हालचालींना लागणारा वेळ, ०.५ म्हणजे निम्मे केले. वेग खरा वाढत नाही, पण हाताला फोन चपळ वाटतो.

आता ११ ची सूचना येते. ती तूर्त राहू दे.