क्रीट बेटावर पुळण निवडताना

ग्रीसचे क्रीट बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर पसरलेले असल्यामुळे एकाच मुक्कामावरून सगळे किनारे गाठण्याचा अट्टहास धरू नये. पश्चिमेसाठी हानिया आणि पूर्वेसाठी सितिया असे दोन मुक्काम ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

निवडीचा पहिला निकष वारा हाच असावा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी नावाचा वारा उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळवतो, तेव्हा दक्षिणेकडे वळणे बहुधा सोयीचे ठरते. मात्र तिथेही डोंगरांच्या घळींतून वाऱ्याचे जोरदार झोत खाली येतात, म्हणून रोज सकाळी हवामानाचा अंदाज पाहूनच निघावे. लाल बावटा दिसल्यास पाण्यात उतरू नये.

सोबत लहान मुले असतील, तर नैर्ऋत्येचे एलाफोनिसी उत्तम, कारण तिथले पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आहे. शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे गुलाबी छटा आलेली तिथली वाळू मूठभरही उचलू नये, ही कळकळीची विनंती. दुपारी गर्दी फार होते. सकाळी लवकर पोहोचावे.

बालोसच्या पुळणीवर जाण्यासाठी किसामोसहून बोट मिळते. खडबडीत रस्त्याने गाडी नेल्यास शेवटी पायी उतरावे लागते आणि परतीचा चढ उन्हात थकवतो. प्रेवेलीच्या पुळणीवर उतरायलाही बऱ्याच पायऱ्या आहेत, पण खाली नदी, खजुरीच्या जातीची झाडे आणि समुद्र एकत्र भेटतात.

रेथिम्नोच्या वाळूत उन्हाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात, त्यामुळे कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर बसावे.