मोबाइलवर मुलाखत चित्रित करताना: आधी आवाज, मग चित्र

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मुलाखत चित्रित करणारे बहुतेक विद्यार्थी फ्रेम लावण्यात तास घालवतात आणि आवाज नशिबावर सोडतात. चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक बघतात, पण शब्द कळले नाहीत की लगेच बंद करतात. म्हणून तयारी आवाजापासून करा.

समजा, येवल्यात पैठणी विणणाऱ्या एका काकूंची मुलाखत घ्यायची आहे. आदल्या दिवशी जागा बघून या आणि तिथे दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. पंखा, फ्रिज, रस्ता, शेजारचा माग, सगळं कळेल. मुलाखतीच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद करायला सांगा. आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. काकूंचा मागही थांबलेला हवा. ठकठक शब्दांवरच बसली की एडिटिंगमध्ये ती सहजासहजी वेगळी काढता येत नाही, आणि वाक्य कापलं की ठोक्यांची लय तुटून प्रत्येक जोड ऐकू येतो.

तारेचा कॉलर माइक मोबाइलला लावणार असाल तर त्याची पिन बघा. तीन काळ्या रेषा असतील तर ती मोबाइलची. दोनच असतील तर ती कॅमेऱ्याची, आणि मोबाइल गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो. खात्रीसाठी रेकॉर्डिंग सुरू करून माइकवर नखाने हलकेच खरवडा आणि इअरफोन लावून ऐका. खरखर मोठी आली पाहिजे.

माइक हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावा. साडीवर लावताना विशेष काळजी घ्या: मंगळसूत्र माइकवर आपटतं, कडक काठ घासतो. पदर पिनने पक्का करून माइक मंगळसूत्राच्या एका बाजूला लावा आणि तारेचा छोटा वेढा घेऊन तो कापडाला चिकटवा, म्हणजे तार ओढली गेली तरी माइकला हिसका बसत नाही. हातात काचेच्या बांगड्या असतील तर हात मांडीवर ठेवून बोलायची विनंती करा. माइक नसेलच तर दुसऱ्या मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. तो फ्रेमच्या जरा बाहेर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. पुढे दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवता येतात.

बसवताना खिडकी काकूंच्या पाठीशी नको, चेहरा काळा पडतो. ती एका बाजूला, थोडी समोर असावी. दुसऱ्या गालावर फार अंधार वाटला तर त्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. मोबाइल ट्रायपॉडवर, डोळ्यांच्या उंचीला, आडवा. अगदी जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. दीड-दोन मीटर मागे सरकून २एक्स लेन्स वापरा. प्रश्न विचारणाऱ्याने लेन्सला चिकटूनच बसावं, नाहीतर काकूंची नजर भलतीकडे जाते. त्या ज्या बाजूला बघतात तिकडे फ्रेममध्ये मोकळी जागा सोडा.

स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलवर फोकस आणि उजेड लॉक होतो. रिझोल्यूशन १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम्स, शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने शटरच्या इतर काही वेगांना ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. एरोप्लेन मोड लावा आणि निदान १० जीबी जागा रिकामी ठेवा.

सुरुवातीला काकूंनी स्वतःचं नाव सांगून चित्रीकरणाला परवानगी द्यावी, तीही रेकॉर्ड करा. "तुम्ही लहानपणीच शिकलात का?" असं विचारलं तर "हो" एवढंच मिळतं. "पहिल्यांदा मागावर बसलात तो दिवस सांगा" म्हणा. तुमचा प्रश्न अंतिम फिल्ममध्ये नसेल, म्हणून उत्तराची सुरुवात पूर्ण वाक्याने करायला आधीच सांगून ठेवा. मधे "हं, हं" नको, मान हलवा. उत्तर संपलं तरी तीन सेकंद गप्प राहा. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतर येते.

मग माग सुरू करायला सांगा आणि काम वेगळं चित्रित करा: धोटा (आडवा धागा नेणारी नळी) फेकणारा हात, फणीचा ठोका, पायाखालची पावडी, जरीवर टेकलेली नजर. प्रत्येक शॉट १० सेकंद, मोबाइल न हलवता. बोलणं जिथे कापाल तिथे हेच शॉट जोड झाकतात. शेवटी माग थांबवून, सगळे गप्प असताना, नुसत्या खोलीचा ३० सेकंद आवाज घ्या. वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरायच्या. निघण्यापूर्वी तिथेच बसून पहिलं आणि शेवटचं उत्तर इअरफोनवर ऐका, आणि घरी पोचल्यावर फाइली दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय मोबाइलमधून काढू नका.