हात हलका ठेवा: सेफ्टी रेझरने दाढी करायला सुरुवात कशी करावी

कार्ट्रिजचा रेझर (ब्लेडांसकट डोकंच बदलायचं तो) सोडून सेफ्टी रेझर (सुटं दुधारी ब्लेड बसवायचा तो) हातात घेतला की पहिल्या आठवड्यात अनेकांच्या मानेची आग होते, हनुवटीवर दोन-तीन ठिकाणी रक्ताचे ठिपके येतात. दोष ब्लेडला दिला जातो. खरी अडचण हाताच्या सवयीत असते. कार्ट्रिजचं डोकं गालाच्या वळणाप्रमाणे हलतं, त्यात बहुधा दोन ते पाच ब्लेडं असतात आणि वर बुळबुळीत पट्टी असते. त्यामुळे जोरात दाबलं तरी ते बरंच सांभाळून घेतं. सेफ्टी रेझरचं डोकं हलत नाही आणि चेहऱ्याला एका वेळी एकच धार लागते. दाबलंत तर ती केसाबरोबर कातडीही खरवडते. पुढे जे काही सांगतो आहे, ते सगळं मुळात हा दाब सोडायला शिकण्यासाठी आहे.

आधी सामान

पहिला रेझर तीन तुकड्यांचा घ्या: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. तो उघडून धुवायला सोपा आणि बिघडण्यासारखं त्यात काही नसतं. ब्लेडखाली सलग कड असलेला, सौम्य समजला जाणारा प्रकार निवडा. कंगव्यासारखे दाते असलेले आणि ब्लेडची फट कमी-जास्त करता येणारे रेझर नंतर पाहता येतील. दांड्याला चांगलं वजन असेल तर उत्तम, कारण हातानं जे करायचं नाही ते काम त्या वजनाला करायचं आहे.

ब्लेडं मात्र एकाच कंपनीची शंभर घेऊन ठेवू नका. दोन-तीन प्रकारची थोडी थोडी घ्या. एकाला लोण्यासारखं वाटणारं ब्लेड दुसऱ्याच्या गालावर ओढतं. जपानी फेदर ब्लेडं फार धारदार म्हणून ओळखली जातात. हात बसेपर्यंत ती बाजूला ठेवलेली बरी.

ब्रश सिंथेटिक केसांचा घ्या. डुकराच्या केसांचा ब्रश आधी काही मिनिटं पाण्यात भिजवावा लागतो आणि बऱ्याच वापरानंतर नरम पडतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा महाग असतो. सिंथेटिक लगेच फेस देतो, लगेच वाळतो. सोबत दाढीचा साबण किंवा ब्रशने फेसायचं क्रीम. डब्यातून दाबून निघणारा तयार फेस चालतो, पण चेहरा नीट भिजवणं आणि खुंट उभे करणं हे ब्रशचं काम त्याच्याकडून होत नाही.

ब्लेड बसवणं

टोपी उलटी करा, तिच्या खिळ्यांवर ब्लेड ठेवा, वर खालची पट्टी बसवा आणि दांडा पिळून घट्ट करा. ब्लेड नेहमी आखूड, बोथट टोकांनी धरा, धारेच्या बाजूंना बोट नको. मग समोरून पाहा: दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर दिसलं पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर उघडून पुन्हा बसवा.

हे घट्ट बसवणं इतकं महत्त्वाचं का, हे ब्लेडची जाडी कळली की पटतं. ते जेमतेम ०.१ मिलिमीटर असतं. एकटं हातात धरलं तर लवतं. टोपी आणि पट्टी त्याला बाक देऊन आवळून धरतात, तेव्हा कुठे त्याची धार स्थिर होते. इतक्या पातळ पोलादाला टिकणारी धार आणणं हीच, असा बदलत्या ब्लेडचा सेफ्टी रेझर बाजारात आणणाऱ्या किंग कॅम्प जिलेट यांची मोठी अडचण होती; ती विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, जिलेट यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. आज तुम्ही ब्लेड बसवता त्यामागचं तत्त्व तेच आहे: पातळ ब्लेड घट्ट आवळून धरायचं.

केसांची दिशा ओळखा

ही पायरी वगळू नका. एक-दोन दिवसांची दाढी वाढलेली असताना कोरड्या चेहऱ्यावरून बोटं फिरवा. ज्या दिशेने हात सहज सरकतो ती सुलट, जिथे खरखर लागते ती उलट. गालावर केस बहुधा खाली वळलेले असतात. मानेवर मात्र ते आडवे, तिरके, कधी कधी वरच्या दिशेनेही वाढतात, आणि डावी बाजू उजवीसारखी असेलच असं नाही. मानेची आग होणाऱ्यांपैकी बरेच जण सुलट समजून उलट हात मारत असतात. कागदावर चेहऱ्याचं साधं चित्र काढून त्यावर बाण काढून ठेवा.

पाणी आणि फेस

कोरडा खुंट कडक असतो. पाणी शोषलं की तो फुगतो आणि नरम पडतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून आंघोळीनंतर लगेच दाढी करणं सगळ्यात सोयीचं. नाहीतर कोमट पाण्याने चेहरा धुवा आणि ओला टॉवेल थोडा वेळ धरून ठेवा. पाणी कढत नको.

आता फेस. सेफ्टी रेझरच्या दाढीत मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवायला सांगेन. ओला ब्रश झटकून साबणावर वीस-तीस सेकंद गोल फिरवा, ब्रशच्या टोकांवर दाट लेप जमेपर्यंत. क्रीम असेल तर बदामाएवढं पुरे. मग वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर फेसायला लागा आणि पाणी थेंब-थेंब घाला. सुरुवातीला फेस कोरडा, मंद दिसतो. पाणी मुरत गेलं की त्याला चमक येते आणि ब्रश उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहतो. तिथे थांबा. मोठे बुडबुडे दिसले तर साबण कमी पडला किंवा पाणी जास्त झालं. पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांमुळे फेस लवकर बसतो. अशा वेळी साबण वाढवा.

परीक्षा सोपी आहे. थोडा फेस दोन बोटांत घेऊन चोळा. बोटं घसरली पाहिजेत. फेस फुललेला दिसतो पण बोटं अडकतात, असं असेल तर आणखी थोडं पाणी हवं.

रेझर चालवणं

टोपी गालाला टेकवा, दांडा जमिनीला समांतर. या स्थितीत ब्लेड लागतच नाही. आता दांडा हळूहळू खाली आणा, धार केसाला लागल्याची बारीक चरचर ऐकू येईपर्यंत. ब्लेड आणि कातडी यांत साधारण ३० अंशांचा कोन होतो. तो मोजत बसू नका, आवाजावर विश्वास ठेवा.

दांडा मुठीत आवळू नका, बोटांच्या टोकांनी धरा. मूठ आवळली की दाब आलाच. दुसऱ्या हाताने कातडी हलकी ताणा आणि दोन-तीन सेंटिमीटरचे आखूड हात मारा. दर दोन-तीन हातांनंतर रेझर पाण्यात खळबळून घ्या. रेझर कधीही धारेच्या रेषेत आडवा सरकवू नका. खोल चिरा बहुतेक तशाच पडतात.

हनुवटी आणि जबडा इथे दर सेंटिमीटरला कोन बदलतो, तिथे हात आणखी आखूड. वरचा ओठ दातांवर ताणून धरा. कंठमण्यावरची कातडी बाजूला ओढून सपाट भागावर आणा आणि तिथे दाढी करा.

पहिला आठवडा फक्त सुलट हात, एकदाच. गाल तुळतुळीत होणार नाही, थोडे खुंट हाताला लागतील. लागू द्या. राहिलेल्या जागेवर बिनफेसाचा हात मात्र अजिबात मारू नका. दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा फेस लावून केसांच्या दिशेला आडवा हात घ्या. उलट हात सगळ्यात शेवटी, तोही मानेला झेपत असेल तरच. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि कातडीच्या आत वळतात, त्यांनी उलट हात कायमचा सोडला तरी काही बिघडत नाही. चेहऱ्यावर पुरळ उठलेलं असेल तर आधी ते बरं होऊ द्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

दाढी झाल्यावर

गार पाण्याने चेहरा धुवा आणि ओला तुरटीचा खडा हलका फिरवा. तुरटीने बारीक ओरखड्यांतलं रक्त थांबतं, आणि ती एक चांगली शिक्षकही आहे: जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबलंत किंवा एकाच जागी फार वेळा हात फिरवलात. ती जागा लक्षात ठेवा, उद्या तिथे हलका हात. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुऊन टाका, चेहरा टॉवेलने टिपा, साधं मॉइश्चरायझर लावा.

रेझर धुऊन झटका. धार कापडाने पुसू नका, त्यात धारही जाते आणि बोटही कापतं. ब्रश स्वच्छ धुऊन हवेशीर जागी वाळू द्या. एक ब्लेड साधारण तीन ते सात दाढ्या टिकतं, पण आकड्यापेक्षा चेहऱ्याचं ऐका: केस कापण्याऐवजी ओढले जाऊ लागले की त्याच दिवशी बदला. रेझर घरातही दुसऱ्याला वापरायला देऊ नका.

जुनं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत मोकळं टाकलं तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. एखाद्या पत्र्याच्या बंद डब्याला ब्लेड जाईल एवढी फट पाडा आणि वापरलेली ब्लेडं त्यात टाकत जा. ती इतकी पातळ असतात की लहानसा डबाही काही वर्षं पुरतो. भरला की फट चिकटपट्टीने बंद करा, वर ‘ब्लेडं’ असं ठळक लिहा आणि मगच तो बाहेर द्या.