सर्फ म्युझिकचा कार्यक्रम रेडिओवर करणार असाल तर आधी एवढं करा

सर्फ म्युझिक म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात, लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांभोवती तयार झालेलं गिटारचं संगीत. सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि वाजवायच्या प्रत्येक ट्रॅकचं नाव, बँड, संगीतकार आणि साल त्यावर लिहा. कागदावर म्हणतोय, फोनमध्ये नाही, फोन स्टुडिओच्या बाहेर ठेवायला लावतात. मागच्या वेळी माझ्याकडं सगळं होतं, ट्रॅक भारी होते, आवाज पण बरा लागला होता, नव्हता तो हा कागद. कम्युनिटी रेडिओवर अर्धा तास नुसतं 'आता ऐकूया अजून एक जबरदस्त ट्रॅक' करत बसलो, आणि नंतर स्टेशनच्या व्हॉट्सअॅपवर लोक विचारायला लागले की ते तिसऱ्या नंबरला वाजलं ते काय होतं, तर मला पण सांगता येईना, कारण पेनड्राइव्हवर त्या फाइलचं नाव 'ट्रॅक ०७' एवढंच होतं.

हिंदी-मराठी गाण्याचं बरं असतंय, नाव नाही सांगितलं तरी मुखडा लक्षात राहतो, घरी जाऊन एक ओळ टाइप केली की सापडतं. सर्फ म्युझिक बरंचसं शब्दांशिवाय. गिटार, बेस, ड्रम, कुठंतरी सॅक्सोफोन, झालं. शोधणारा शोधणार काय? गुणगुणून शोधायची सोय असते म्हणाल, तर डिक डेल या सर्फ गिटारिस्टचं 'मिसिर्लू' त्याच स्पीडनं एकदा गुणगुणून दाखवा मला. त्यात रेडिओला स्क्रीन नसते, ऐकणाऱ्याकडं तुमच्या तोंडातून आलेलं नाव सोडून काहीच नसतं. म्हणून ट्रॅकच्या आधी नाव सांगा आणि वाजून झाल्यावर परत सांगा. परत सांगणं जास्त महत्त्वाचं, कारण आवडलं की नाही ते वाजल्यावरच कळतं आणि आधी सांगितलेलं तोवर विसरलेलं असतं.

ट्रॅक कुठले घ्यायचे ते तुमचं तुम्ही बघा, पण पहिल्याच भागात अख्खं कपाट रिकामं करू नका. जुने ट्रॅक सव्वादोन-अडीच मिनिटांत संपतात, बोलणं धरून अर्ध्या तासात सात-आठ आरामात बसतात, आणि सगळे पळणारे लावले तर नवीन माणसाला तो एकच लांबलचक ट्रॅक वाटतो. मधे एखादा संथ घ्या. शँटेजचं 'पाइपलाइन' आणि सर्फारिजचं 'वाइप आउट' सहसा कुणाला नकोसं होत नाही, त्यात ऑस्ट्रेलियाच्या अटलांटिक्सचं १९६३ चं 'बोंबोरा' घाला, म्हणजे हे प्रकरण एकट्या कॅलिफोर्नियाचं नव्हतं हे भाषण न देता कळतं. एक तरी ट्रॅक आत्ताच्या बँडचा ठेवा, का ते खाली परवानगीत येईल.

इथंच एक खड्डा आहे. व्हेंचर्सचं १९६० चं 'वॉक डोन्ट रन' वेगळं आणि त्यांनीच १९६४ ला नव्यानं केलेलं वेगळं, आणि दोन्ही अमेरिकेत पहिल्या दहात गेलेली, त्यामुळं 'ते फेमसवालं' म्हणून भागत नाही. स्वस्तातल्या कलेक्शनमध्ये तर त्याच बँडनं कित्येक वर्षांनी परत वाजवलेलं रेकॉर्डिंग जुन्या नावानं बिनधास्त घातलेलं असतं. कागदावर नावाशेजारी साल लिहा म्हटलं ते यासाठी. फाइलचं नाव पण तेव्हाच बदला. आधी बँड, मग ट्रॅक, मग साल. 'ट्रॅक ०७' दिसला की तो कार्यक्रमातून काढा, कितीही आवडता असला तरी.

'कोल्हापुरात समुद्र कुठाय' हा प्रश्न येणार. त्यावर पाच मिनिटं घालवू नका. व्हेंचर्स वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे, ट्रॅशमेन हा बँड तर मिनिआपोलिसचा, तिथून कुठलाच समुद्र जवळ नाही, आपल्याला निदान घाट उतरला की कोकण आहे. एवढं बोला आणि पुढं चला. त्यापेक्षा कानाला धरून आत घ्या. गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो ऐकलेल्या माणसाला एकाच तारेवर खाली-वर झपाट्यानं आघात करून स्वर ताणायचा आणि त्यावर इको सोडायचा हे नवीन नाही, डिक डेल गिटारवर जवळपास तेच करतो. त्याचे वडील लेबनानी वंशाचे, काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे, तिथून तो हात आलाय. आणि 'मिसिर्लू' मुळात पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल, स्वर बघितले तर आपला भैरव थाट, रे आणि ध कोमल. आपल्या गावात देवल क्लबच्या मैफिली ऐकत म्हातारी झालेली मंडळी आहेत, त्यांना 'अमेरिकन रॉक' म्हणून सांगितलं तर रेडिओ बंद करतील, 'भैरव आहे, फक्त लय घाईत आहे' म्हणा, थांबतील. जमलं तर एखाद्या बेंजोवाल्याला स्टुडिओत बसवून तो हात कसा चालतो ते माइकवर दाखवायला सांगा. कम्युनिटी रेडिओला निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेला असावा लागतो आणि भाषा शक्यतो इथलीच, त्यामुळं नुसती प्लेलिस्ट लावून चहाला जाता येत नाही. मराठीत बोला. कोल्हापुरी बोललात तर अजून चांगलं.

रिव्हर्ब, म्हणजे गिटारच्या आवाजामागं रेंगाळणारा घुमारा, त्याबद्दल दोन वाक्यं तयार ठेवा, कारण 'पाण्यात वाजवल्यासारखं का येतंय' असं कुणीतरी विचारतंच. डब्यात स्प्रिंगा ताणलेल्या असतात, गिटारचा सिग्नल एका टोकाला त्या हलवतो, दुसऱ्या टोकाला ती थरथर परत उचलून मूळ आवाजात मिसळतात. फेंडर कंपनीनं हा डबा १९६१ मध्ये वेगळा विकायला काढला. बास. यापुढं गेलात तर ऐकणारा जातो.

आता परवानगी. कंटाळवाणं आहे, तरी वाचा. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६३ चं रेकॉर्डिंग २०२३ संपताना मोकळं झालं. लगेच उड्या मारू नका. रेकॉर्डिंग वेगळं, चाल वेगळी. चालीचा हक्क संगीतकार गेल्यावर पुढं ६० वर्षं चालतो, आणि 'वॉक डोन्ट रन'ची चाल ज्याची तो जॉनी स्मिथ गेला २०१३ मध्ये. त्यात तुमच्या हातातलं रेकॉर्डिंग खरंच १९६३ चं आहे की नंतर परत केलेलं, हे तुम्हाला कशावरून कळणार? कागदावरून. साल लिहिलं असेल तर.

रेडिओसाठी २०१२ ला कॉपीराइट कायद्यात ३१-डी कलम आलंय, प्रसारण करणाऱ्यानं आधी नोटीस द्यायची, ठरलेल्या दरानं पैसे भरायचे आणि वाजवायचं. तुमच्या स्टेशननं हे केलंय की संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून लायसन घेतलंय ते मॅनेजरला सरळ विचारा, 'आहे आहे, सगळं आहे' यावर उठून येऊ नका. आणि त्याच कलमात काय लिहिलंय माहिताय? प्रसारण करताना संगीतकाराचं आणि मुख्य कलाकारांचं नाव जाहीर करायचं. म्हणजे मी हे जे नाव नाव करून डोकं खातोय ते माझ्या मनचं नाही, कायद्यात आहे. काय वाजवलं त्याच्या नोंदी पण ठेवाव्या लागतात, तुमचा कागद तिथं पण लागणार.

पॉडकास्टचं गणित पूर्ण वेगळं. इंटरनेटवरच्या सेवेला ३१-डी लागू होत नाही असं मुंबई हायकोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. म्हणजे रेडिओवर वाजलं म्हणून तीच फाइल उचलून पॉडकास्टला चढवायची नाही. शिवाय पॉडकास्ट सातासमुद्रापार ऐकलं जातं, आणि अमेरिकेत १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंत प्रसिद्ध झालेली रेकॉर्डिंग २०६७ पर्यंत बंद आहेत, आपल्याकडं ६० वर्षं भरली तरी. मग करायचं काय, तर दोन आवृत्त्या. रेडिओला पूर्ण कार्यक्रम, पॉडकास्टला तुमचं बोलणं आणि ज्यांनी लेखी परवानगी दिलीय त्यांचेच ट्रॅक. आत्ताचे सर्फ बँड जगभर आहेत, बरेचसे स्वतःच आपलं संगीत विकतात, त्यांना साधी मेल करा, कार्यक्रम कशाचा, कुठला, किती वेळाचा, रेडिओ आणि पॉडकास्ट दोन्हीला चालेल का, आणि पॉडकास्ट किती दिवस राहील. छोट्या बँडला कोल्हापुरातून मेल आली याचंच अप्रूप वाटतं, बहुतेक हो म्हणतात. मेसेजमध्ये 'शुअर मॅन' आलं तर ती परवानगी धरू नका, मेलवर नीट घ्या. आणि जुन्या ज्या ट्रॅकना कात्री लावलीत त्यांची नावं पॉडकास्टमध्ये बोला तरी, ऐकणारा जाऊन स्वतः शोधेल. नाव बोलायला कुणाची परवानगी लागत नाही!

पॉडकास्ट करायचंच कशाला असं वाटत असेल तर ट्रान्समीटर बघा. कम्युनिटी रेडिओला ताकद १०० वॉटपर्यंत आणि अँटेना ३० मीटरपर्यंत. स्टेशन शहरात असेल तर शाहूपुरी, राजारामपुरी, रंकाळ्यापर्यंत ठीक, कागलच्या पाहुण्याला रेडिओ लावून बस म्हणू नका, लिंक पाठवा.

आवाजाचं थोडक्यात. १२८ केबीपीएसच्या एमपी३ वर हे संगीत फार वाईट वाजतं, गिटारचा रिव्हर्ब आणि ड्रमच्या झांजा नेमक्या त्यातच चुरगळतात, त्यामुळं वेव्ह नाहीतर फ्लॅक, म्हणजे आवाज न कापणाऱ्या फाइल मिळवा. जुनी रेकॉर्डिंग बरीचशी मोनो असतात, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, एका कानात काही गायब नाही, घाबरू नका. गिटार एकदम अंगावर येते आणि तुमचा आवाज मागं पडतो, म्हणून आधी घरी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, स्टुडिओच्या हेडफोनवर सगळंच छान वाटतंय. 'वाइप आउट'च्या सुरुवातीला ते हसणं आहे, त्याच्यावर बोलू नका, मजा तिथंच आहे. मग नाव कधी सांगायचं? आधी. आणि संपल्यावर. ट्रॅक फेड होत असताना घाईघाईनं नाव टाकलं तर ते रिव्हर्बमध्ये बुडतं, पूर्ण संपू द्या, श्वास घ्या, मग नाव. नावं घरी मोठ्यानं म्हणून बघा, माइकसमोर पहिल्यांदा 'सर्फारिज' म्हणायला गेलात तर जीभ घसरते.

आदल्या दिवशी पेनड्राइव्ह दोन, दोन्ही स्टेशनच्याच कॉम्प्युटरवर लावून बघितलेले. यूपीएस चालू आहे का विचारा, पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. पाणी. शर्टाला वाजणारं काही नको. कागदाची प्रत दोन, एक तुमच्यासमोर आणि एक काचेपलीकडं मशिनवर बसलेल्याला, म्हणजे त्यानं चुकून क्रम बदलला तर तो हात करून सांगू शकेल आणि तुम्ही 'पाइपलाइन' वाजत असताना 'बोंबोरा'ची माहिती देत बसणार नाही.

लाइव्ह असताना फोन आले तर घ्या, फर्माईश लिहून ठेवा, लगेच लावायच्या भानगडीत पडू नका, त्या ट्रॅकची ना परवानगी बघितलेली असते ना कागदावर नाव. बातम्यांवर, निवडणुकीवर काही बोलू नका, कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत.

पॉडकास्ट एडिट करताना आवाज उणे १६ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास, मोनो असेल तर उणे १९. खाली वर्णनात सगळी नावं मिनिटांसकट, मराठीत आणि त्यांच्या मूळ स्पेलिंगमध्ये पण, नाहीतर कॉपी करून शोधणार कसं. परवानगी देणाऱ्या बँडला लिंक पाठवा.

नंतर: रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे, स्टेशन ठेवतं, तरी एक प्रत तुमच्याकडं. परवानगीच्या मेल एका फोल्डरला. नावांचा कागद फोटो काढून स्टेशनच्या ग्रुपवर टाका, कुणी विचारायच्या आधीच. फर्माईशींची नावं पुढच्या भागाच्या कागदावर आजच उतरवून घ्या, सालासकट.